महालक्ष्म्यांच्या गोळ्या

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मी माझ्यासाठी आयुष्यात दोनदाच आणल्या असतील. माझ्या थोरल्या जावेसाठी मात्र सोळा-सतरा वर्षं आणल्या. दर भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या आठ-दहा दिवस आधी, भोपाळच्या पिपलानी बाजारातल्या मेडिकलमधून. त्या राहायच्या अशोका गार्डन वसाहतीत. तिथे गल्लीच्या तोंडाशीच औषधांचं दुकान होतं, पण तो दुकानदार मोठ्या भाऊजींच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. त्याच्याकडे ह्या गोळ्या मागायच्या म्हणजे मोहल्लाभर कळवणंच. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी नोकरी करणारी, स्कूटर चालवणारी, पुण्याची, आणि दुकानदाराच्या डोळ्याला डोळा भिडवून काहीही मागणारी. ह्या शेवटच्या गुणाचा मला अभिमानही होता. तो आता राहिला नाही, आणि का राहिला नाही ते सांगायला बसले आहे.

जावेला मी वहिनी म्हणायची. आमचं सासर मूळ नागपूरचं. आजेसासरे सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. वहिनी अमरावतीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आल्या, सातवी शिकलेल्या. मी आठ वर्षांनी आले, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातली नोकरी घेऊन. दोघी एकाच घरच्या सुना, पण जमीन-अस्मानाचं अंतर. त्यांनी कधी ते दाखवलं नाही. मी मात्र दाखवत असे, आणि आपण दाखवत नाही असं समजत असे.

महालक्ष्म्या मोठ्या घरी, म्हणजे अशोका गार्डनलाच बसत. दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या, कढी, आंबील, आणि पानाला चाळीसेक माणसं. सगळा स्वयंपाक सोवळ्यात आणि सगळा वहिनींच्या हातचा. मला सोवळं मान्य नव्हतं. तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे, आणि मग पाटावर बसून तीन पुरणपोळ्या तुपाबरोबर खात असे. वहिनींना नेमकी त्याच दिवशी पाळी आली, तर चाळीस माणसांचं पुरण माझ्या गळ्यात पडणार होतं. गोळ्यांची एक स्ट्रिप आणून देणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं होतं. हे मी त्या काळी स्वतःला असं उघड सांगितलं नसतं, पण खरं ते एवढंच आहे.

वहिनींची पाळी गेली तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. गच्चीवर आम्ही पापड वाळत घालत होतो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुटली मी. वरीस झालं. आता तुले गोळ्या आनाचं काम नाही." तोंडावर इतका आनंद होता, की मुलीला नोकरी लागली तेव्हाही एवढा दिसला नव्हता. त्यांच्या लेखी ती तेवढीच गोष्ट होती. होती, गेली, सुटका झाली. त्यांची आई अशीच सुटली, आजी अशीच सुटली, आणि त्याच्या पुढे विचारण्यासारखं काही होतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वर्षीचं पुरण त्यांनी कसलीही धास्ती न बाळगता वाटलं.

माझी गोष्ट दोन-तीन वर्षांनी सुरू झाली आणि मी तिचा सोहळा केला. ऑफिसात भर हिवाळ्यात पंखा लावायची. मीटिंगमध्ये कानशिलं तापायची, घामाने ब्लाऊज ओला व्हायचा, आणि साध्या साध्या बोलण्यावरून मी माणसांना फाडून खायची. अरेरा कॉलोनीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायला लागले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, हाडांची तपासणी झाली, कॅल्शियम सुरू झालं. बरोबरच्या बायकांचा मोबाइलवर एक गट होता, त्यात रोज कोण ना कोण सोयाबीन खा, जवस खा, चालायला जा असं सांगत असे. मला माझ्या शरीरात काय चाललंय त्याचं नाव ठाऊक होतं, आणि नाव ठाऊक असलं की माणूस स्वतःला शहाणा समजायला लागतो.

डॉक्टरीणबाईंनी मला एक छापील कागद दिला होता. रजोनिवृत्तीबद्दल बायकांनी काय काय ध्यानात ठेवावं याची माहिती होती, हिंदीत, बाळबोध भाषेत. शेवटचा मुद्दा जाड ठशात होता. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक थेंब दिसला, तरी ती पाळी नसते, ताबडतोब दाखवा, कॅन्सरची तपासणी करून घ्या. त्याखाली मी लाल पेनाने रेघ मारली होती.

तो कागद मी पुढे वापरला. आमच्याकडच्या मराठी बायकांच्या मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझं भाषण ठेवलं. विषय, चाळिशीनंतरचं आरोग्य. मी कागदाचं मराठी केलं, मधे मधे विनोद पेरले, आणि बायका खुशीत हसल्या. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, हिरवी साडी, हातात वाणाचा चमचा. शेवटच्या मुद्द्याशी आले आणि थबकले. समोर पन्नास-साठ सवाष्णी, कपाळाला हळदीकुंकू, हातात तिळगूळ. अशा ठिकाणी तो शब्द कसा काढायचा? मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, सणाचा दिवस आहे, वंगाळ काही नको. मी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, एवढं सांभाळलंत तर म्हातारपण मजेत जाईल. टाळ्या पडल्या.

परतताना स्कूटरवर मागे बसून वहिनी म्हणाल्या, "तुमचं काही येगळंच असते, बाई. आमचं नुसतं जाते." मी हसले. मला ते गमतीचं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ते नक्कल करून सांगितलंही.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणाच्या शेवटी त्यांचा फोन आला. त्या तेव्हा सत्तावन्नच्या होत्या. इकडची तिकडची विचारपूस झाली, आणि मग आवाज खाली गेला. म्हणाल्या, "त्या गोळ्या आनशीन का? एक स्ट्रिप." मला वाटलं मुलीसाठी. त्यांची एकुलती एक मुलगी इंदूरला नोकरी करते, सणाला येणार होती. मी तसं म्हटलं. मग त्या लाजून हसल्या. "नाही वं. मलेच. परत आली माही. मागच्या महिन्यात दोनदा आली. आता नेमकी पुरनाच्या दिवशी आली तं कसं करू?"

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अरे वा वहिनी, तरुण झालात."

हे वाक्य मला रोज आठवतं. ते बोलताना मी भेंडी चिरत होते आणि मला स्वतःच्या विनोदाचं हसू येत होतं.

लाल रेघ मारलेला कागद माझ्या कपाटात होता. तो मला पाठ होता. पण तो माझ्यासाठी होता, माझ्यासारख्या बायकांसाठी, ज्यांना तपासण्या असतात आणि ज्यांच्या घामालाही नाव असतं. वहिनींच्या बाबतीत मी दुसरंच माप लावलं. ह्या बायकांचं असंच असतं, शेताभातात वाढलेली शरीरं, जातं-येतं, त्यांना काय होतंय. हा विचार मी असा शब्दांत केला नाही. शब्दांत केला असता तर मला माझीच लाज वाटली असती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात ते माझ्यासाठीच.

संध्याकाळी मी गोळ्या आणल्या. दुकानदाराने काही विचारलं नाही. मी स्कूटरवर जाऊन त्या वहिनींच्या हातात दिल्या, आणि त्यांनी नेहमीसारख्या तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवल्या.

महालक्ष्म्यांच्या दिवशी मी सकाळीच पोचले. स्वयंपाकघरात वहिनी सोवळ्याचं लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या. पोळी लाटता लाटता त्या थांबायच्या, डावा हात कमरेवर दाबायच्या, आणि पुन्हा लाटायला लागायच्या. चेहऱ्यावर हळदीसारखा पिवळेपणा होता. त्यांच्या घरामागून रेल्वेची लाइन जाते. गाडी गेली की मांडणीवरची पितळी भांडी थरथरतात, वर्षानुवर्षं थरथरतात, कुणाचं लक्ष जात नाही. त्या दिवशी गाडी गेली आणि वहिनींनी दोन्ही हातांनी पाट धरला. भांडी थांबली तरी त्यांनी पाट सोडला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, चक्कर आली जराशी, उपास आहे ना.

नैवेद्य झाला. चाळीस पानं उठली. पुरण नेहमीपेक्षा मऊ होतं आणि सगळ्यांनी तसं बोलून दाखवलं. वहिनी दारात उभ्या राहून माझ्याकडे बघून किंचित हसल्या. आमच्या दोघींचं गुपित पार पडलं होतं.

गोळ्या थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना जोरात रक्त गेलं. इथेच आमचा घात झाला. कारण ह्या गोळ्यांचा नियमच असा, की थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. सोळा वर्षं तसंच होत आलं होतं. वहिनींनी मला फोन करून सांगितलं, आली बरोबर तिसऱ्या दिवशी. जणू काही गणित जुळलं. मलाही बरं वाटलं. गोळ्यांनी थांबते आणि गोळ्या सोडल्या की येते, म्हणजे पाळीच, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. सातवी शिकलेलीने आणि इंजिनियरिंगची चित्रं काढणारीने, दोघींनी मिळून.

नवरात्रात घट बसायचे होते. मी दुसरी स्ट्रिप नेली. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी तिसरी. मधल्या दिवसांत त्या सत्तावन्नाव्या वर्षी बाजूला बसायच्या, वेगळी चटई, वेगळा तांब्या. भाऊजी कुरकुरत स्वतःचा चहा करायचे आणि आम्हाला फोनवर हसत सांगायचे, यांचं काय चाललंय कळत नाही, उलटा प्रवास सुरू झालाय. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकाला ते थट्टेचं वाटलं. तिसऱ्या स्ट्रिपने रक्त थांबलं नाही. वहिनी म्हणाल्या, ह्या गोळ्यांत आता दम राहिला नाही, दुसऱ्या कंपनीच्या बघ. मी बघितल्या. दुकानदाराला विचारूनसुद्धा बघितलं.

संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या आल्या तेव्हा मी त्यांना दुरून ओळखलं नाही. शाल घट्ट लपेटलेली, आतलं माणूस अर्धं झालेलं. शेजारी येऊन बसल्या तेव्हा अत्तराच्या वासाखालून दुसरा एक वास आला. वहिनींनी जन्मात कधी अत्तर लावलं नव्हतं. मी मान फिरवली. मला तेव्हाच कळलं होतं, पण हातातलं वाण पुढे करत मी म्हणाले, तिळगूळ घ्या, गोड बोला.

घरी येऊन कपाट उघडलं. कागद काढला. लाल रेघेखालचं वाक्य पुन्हा वाचायची गरज नव्हती, तरी उभ्याने वाचलं. एवढं कळूनही मी त्या दिवशी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. अकरा दिवस लावले. मला वहिनींची भीती वाटत नव्हती. कुणीतरी विचारेल, कुणी आणून दिल्या, याची भीती वाटत होती.

बाराव्या दिवशी त्यांना अरेरा कॉलोनीत माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. स्कूटरच्या मागच्या सीटवर त्यांना बसवेना म्हणून रिक्षा केली. रिक्षात त्यांनी माझा हात धरून ठेवला होता आणि रस्त्यातले खड्डे आले की बोटं आवळायच्या. आत गेल्यावर बाईंनी तपासलं, पडद्यामागून बाहेर आल्या, हात धुतले, आणि बराच वेळ धूतच राहिल्या. मग हिंदीत विचारलं, कधीपासून. वहिनींनी सांगितलं, राखीच्या आधीपासून. मधे थांबायचं का, तर हो, गोळ्यांनी. कुठल्या गोळ्या, कुणी लिहून दिल्या?

मी खुर्चीवर होते, वहिनींच्या शेजारी. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मैं ही लाती थी। दुकान से।"

बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "आप तो इतनी पढ़ी-लिखी हैं। आपको भी नहीं बताया इन्होंने?"

मी म्हणाले, "नहीं।"

पुढचं सगळं लवकर झालं. गर्भाशयाचा कॅन्सर होता आणि तो बाहेर पसरला होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा दिसलं तेव्हाच आल्या असत्या तर पिशवी काढून कदाचित भागलं असतं. ऑपरेशन करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. रेडिएशनचे शेक दिले, सलाइनमधून औषधं दिली. मुलगी इंदूरहून रजा काढून आली. मी रोज ऑफिस सुटलं की हॉस्पिटलात जायची, मोसंबीचा रस काढायची, पाय दाबायची. सगळे म्हणायचे, जावा असाव्यात तर अशा. ते ऐकताना मला उठून पळून जावंसं वाटायचं.

एकदा दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या. मी म्हणाले, वहिनी, मला ठाऊक होतं. कागदावर लिहिलेलं होतं. मी भाषणात ते वाक्य गाळलं आणि तुम्ही फोन केलात तेव्हाही मला आठवलं नाही. त्यांनी डोळे उघडले. रागावतील असं वाटलं, रागवाव्यात असंही वाटलं. छताकडे बघत त्या म्हणाल्या, "गोळ्याचं कोनाले सांगू नको. भावाभावात वितुष्ट येईन. माही पोरगी तुह्याच भरवशावर राहते आता."

ज्येष्ठात त्या गेल्या. त्या वेळी बाहेर इतकं ऊन होतं, की स्मशानातून आलेल्या माणसांच्या चपलांना डांबर लागलं होतं.

तेराव्याच्या दिवशी लोक जेवून गेल्यावर पुतणी माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, आई शिकलेली असती तर वाचली असती ना. तिने दुखणं सगळ्यांपासून लपवून ठेवलं, तिच्या मनाने गोळ्या खात बसली, गावातल्या बायकांसारखी. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिने विचारलं, "काकू, गोळ्यांचं तुम्हाला तरी ती काही बोलली असेल ना?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. हात न थांबवता म्हणाले, नाही गं.

म्हणजे मी ते दोनदा सांगितलं. एकदा हिंदीत, एकदा मराठीत. आमच्या घरात आता वहिनींची गोष्ट अशी सांगतात, की बिचारी अडाणी होती, लाजेपायी गेली. पाहुणे हळहळतात. मंडळाने त्यांच्या नावाने आरोग्य शिबिर भरवलं आणि दीप लावायला मला बोलावलं. मी गेले. लावला. लाज वहिनींना वाटत होती हे खरं आहे, पण त्यांनी तरीही मला सांगितलं होतं. ज्या बाईला सगळं ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं, तिलाच त्यांनी सांगितलं. यापेक्षा जास्त शहाणपणा त्यांनी आणखी काय करायला हवा होता?

गेल्या भाद्रपदात वहिनींना जाऊन वर्ष झालं नसल्यामुळे महालक्ष्म्या बसल्या नाहीत. यंदा बसणार आहेत. पुतणी बदली करून घेऊन भोपाळला आली, वडिलांजवळ राहते, आणि आईचं सगळं आपण करायचं असं तिने ठरवलं आहे. सोवळ्यासकट. मी म्हटलं, सोवळं कशाला. तर म्हणाली, आई करायची तसंच करणार. परवा तिचा फोन आला. मोकळी मुलगी, लाजणं वगैरे काही नाही. मधेच हिंदी, मधेच मराठी. म्हणाली, "काकू, मेरी डेट नेमकी त्याच दिवशी येतेय. आई त्या गोळ्या घ्यायची ना, उनका नाम काय हो?"

नाव माझ्या ओठांवर होतं. सोळा वर्षं काउंटरवर उभं राहून घेतलेलं नाव. मी म्हणाले, गोळ्या नको घेऊस, येऊ दे पाळी, तशीच कर पूजा. तिने विचारलं, का? तिच्या वयाला एखाद्या वेळी घेतल्या तर काही होत नाही हे मलाही माहीत आहे. ती ते एका मिनिटात मोबाइलवर बघूही शकते. मला सांगण्यासारखं कारण एकच होतं आणि ते फोनवर सांगता येईना. म्हणाले, येऊन सांगते.

म्हणून हे लिहिलं. तोंडाने सांगायला बसले तर मी पुन्हा तिसऱ्यांदा नाही म्हणेन, एवढी मी स्वतःला ओळखते. वहिनींना दिलेला शब्द मोडते आहे आणि त्यांनी म्हटलं तसं घर फुटेलही. उद्या हे कागद घेऊन अशोका गार्डनला जाणार आहे. पुतणी हिंदी शाळेत शिकली, मराठी वाचताना ओळीखाली बोट ठेवून हळूहळू वाचते. तिला वेळ लागेल. मी समोर बसून राहणार आहे, तिचं बोट त्या श्रावणात मी आणलेल्या स्ट्रिपपर्यंत पोचेतो.